तांदूळ नको, धान दाखवा गुरुजी

ब्रह्मदेवाने सृष्टी करायला घेतली तेव्हा आमचे साडभाऊ जवळपास कुठे बसलेले असते, तर सृष्टी आजतागायत पुरी झाली नसती, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. डासांचा कप्पा वेगळा, माणसांचा कप्पा वेगळा, यातलं कोणी त्यातल्याला चावायचं असेल तर आधी कोणाची परवानगी घेतली ते लिहून दाखवा, असा सगळा हिशेब लागेपर्यंत त्यांनी पहिला दिवसच उजाडू दिला नसता. आणि ब्रह्मदेव कंटाळून म्हणाला असता, "अहो, लोक खोळंबलेत!" तर साडभाऊंनी चष्मा कपाळावर चढवून शांतपणे विचारलं असतं, "घाई कायची हाय जी?"

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये कम्प्युटर सांभाळतात. धानाचे ट्रक आत येतात, तांदळाचे बाहेर जातात, मधे साडभाऊ बसतात. ही झाली पोटापाण्याची गोष्ट. त्यांचं खरं काम निराळंच आहे आणि त्याचा एक छदामही त्यांना मिळत नाही. लिनक्स नावाची जी फुकट आणि खुली कम्प्युटर-प्रणाली आहे, तिची निरनिराळी घराणी आहेत आणि ती जगभरातली माणसं पदरचा वेळ घालून चालवतात. त्यातल्या एका जुन्या, कडक सोवळ्याच्या घराण्यात आमचे साडभाऊ पॅकेज बांधतात. कोणी एखादा प्रोग्राम लिहिला की त्याचा सगळा मूळ मजकूर, ज्याला ही मंडळी सोर्स म्हणतात, तो मागवायचा, तपासायचा, जिथलं तिथं लावायचा, त्याचं गाठोडं बांधायचं आणि घराण्याच्या सामाईक कोठारात जमा करायचं. एकदा कोठारात पडलं की जगाच्या पाठीवर कोणीही एक ओळ टाइप करून ते उतरवून घ्यावं. हे काम करता करता साडभाऊंना सगळं जगच एक विस्कटलेलं फोल्डर दिसायला लागलं, त्याला ते तरी काय करणार!

त्यांच्या घरी गेलात की दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला दिसतो. मथळा, 'आधी हे वाचा'. खाली कोणतं बटण कोणत्या पंख्याचं, दूध कुठे ठेवायचं, मोटर कशी सुरू करायची आणि मुख्य म्हणजे कशी बंद करायची. प्रत्येक सोर्सच्या तोंडाशी असा एक कागद असावाच लागतो म्हणे. मी एकदा म्हटलं, "साडभाऊ, या घरात ताई आणि तुम्ही. तुम्हा दोघांना बटणं माहीत नाहीत का?" तर म्हणाले, "आमाले माहीत हाय जी. पर आमी दोघंही नसलो तं?" ताई आतून ओरडल्या, "मेल्यावर पंखा कोन लावते व बाई!" पण साडभाऊंचा मुद्दा त्यांच्या मते बिनतोड होता. घर असं ठेवावं की परका माणूस आला तरी कोणाला न विचारता राहू शकला पाहिजे.

दुसरा त्यांचा नियम म्हणजे एकाच्या गाठोड्यात दुसऱ्याचं सामान नको. प्रोग्रामात दुसऱ्याची तयार वस्तू कोंबून ठेवली की त्यांना ठसका लागतो. ज्याची वस्तू त्याच्या गाठोड्यात, आपण फक्त 'ते लागतं' एवढं लिहायचं. तत्त्व उत्तमच आहे. पण एकदा आम्ही दोन्ही कुटुंबं देवरीला लग्नाला निघालो होतो. कोहमाऱ्याच्या ढाब्यावर चहाला उतरलो, आणि साडभाऊंना कळलं की माझ्या बायकोचा शालू ताईंच्या बॅगेत आहे. झालं! लोक चहा पिऊन, पान खाऊन मोकळे झाले, ट्रकवाले जेवून निघून गेले, आणि हा गृहस्थ गाडीची डिक्की उघडून भर हायवेवर बायकांच्या साड्या वेगळ्या करतो आहे. ढाब्याचा मालक घाबरून मला विचारतो, "भाईसाब, बंटवारा हो रहा है क्या?" लग्न लागलं तेव्हा आम्ही मांडवाबाहेर गाडी लावत होतो. बायको अजून तो शालू नेसली की मला तोच ढाबा आठवतो.

आणि मालकी! या माणसाला कशाचीही मालकी कळल्याशिवाय घास उतरत नाही. मिलमध्ये कोणी पेढे वाटले की विचारणार, कोणी दिले, कशाबद्दल दिले, यातला अर्धा घरी नेऊन बायकोला दिला तर चालतो का? सकाळी सकाळी कोणी फोनवर सूर्योदयाचा फोटो पाठवला की उत्तर जातं, 'सुंदर. कोणी काढला? पुढे पाठवायची मुभा आहे का?' त्यांना सुप्रभात करणारी माणसं हळूहळू कमी होत गेली. आता मी एकटाच उरलोय, आणि मी फोटोखाली माझं नाव घालतो.

पण त्यांच्या साऱ्या नियमांना पुरून उरली ती एकच व्यक्ती. आमच्या सासूबाई. आम्ही दोघं जावई त्यांना आईच म्हणतो. राहणार कामठ्याला. पोवारांचं घर, स्वतःची धानाची शेती, आणि आवाज असा की बांधीवरून, म्हणजे धानाच्या खाचरातून, हाक मारली तर गावच्या चौकातली माणसं उठून उभी राहावीत. घरात पोवारी बोलतात. जावयांसाठी झाडीबोली राखून ठेवलेली, आणि मान देऊन झापायची त्यांची हातोटी काही औरच. साडभाऊंना सवय आहे की काम झालं की जागा होती तशी करून ठेवायची. जेवण झालं की ताट उचलून, घासून, पाट भिंतीला लावून, खालची जमीनही पुसून मोकळे. आई पाणी घेऊन बाहेर येतात तर जावई जिथल्या तिथे आणि जेवणाचा मागमूस नाही! "जवाईबापू, जेवले का उपाशीच बसले जी? घरात मानूस जेवलं हे दिसाले तं पायजे ना!" असं म्हणून त्यांना पुन्हा वाढलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि तेही बिचारे पुन्हा जेवलेले पाहिलेत.

आता या प्रकरणात माझा पाय कसा अडकला ते सांगतो. मी शाळामास्तर. बोदलकसाच्या वाटेवर, तिरोड्याजवळ आमची शाळा. शाळेतल्या जुन्या कम्प्युटरांवर साडभाऊंनीच त्यांचं लिनक्स घालून दिलेलं, इंटरनेट बहुतेक वेळा रुसलेलं. अशात मला प्रोग्राम लिहायचा नाद लागला. मुलांसाठी मी 'बांधी' नावाचा एक प्रोग्राम केला. पडद्यावर धानाच्या बांधीचं चित्र. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, माउसचा बाण लावला की धुरा हा शब्द उमटणार, बैलबंडीवर लावला की बंडी चालणार, आणि रोप रोवणाऱ्या बाईवर लावला की गाणं सुरू. ते गाणं आमच्या आईंचं. रोवण्याची, लग्नातली, पोवारीतली झाडून सारी गाणी मी कामठ्याला जाऊन त्यांच्याकडून रेकॉर्ड करून आणली होती. मग बसून ती साफ केली. खोकला काढला, कोंबडा काढला, शेजारचा ट्रॅक्टर काढला, मधेच "अवं, दूध उतू गेलं व!" हे काढलं. गाणी कशी स्वच्छ, गुळगुळीत झाली. माझा मलाच अभिमान वाटला.

साडभाऊ म्हणाले, "गुरुजी, हे कोठारात टाकू. पाठवा सोर्स." मी आनंदाने सगळं एका गठ्ठ्यात बांधून पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. आवाजावरून मला वाटलं, कोणी गेलं की काय! "गुरुजी, तुमचा गठ्ठा उघडला आन् पोतं फुटल्यासारख्या सगळ्या फायली माझ्या टेबलावर सांडल्या. एका फोल्डरात काऊन नाई ठेवल्या जी? आन् हे 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल पक्कं', यातलं खरं फायनल कोनतं?" मी म्हटलं, पक्कं. "मंग 'फायनल पक्कं दोन' कोनतं?" तेव्हा मीच ती उघडून बघायला लागलो. पुढे कळलं की प्रोग्राम चित्रं शोधायला माझ्याच कम्प्युटरच्या माझ्याच डेस्कटॉपवर जातो. "म्हंजे जगात कोनी बांधी लावली का ते तुमच्या घरी येन आन् चित्र मागन!" आणि अक्षरांचा फॉन्ट? तो मी नेटवरून कुठून तरी उचलून आत टाकला होता. "कोनाचा हाय?" "माहीत नाही." हे सांगताना मला दुसऱ्याचा बैल हाकून आणल्यासारखं वाटायला लागलं.

मग मी शिकलो. आयुष्यात बी.एड.लाही इतकं शिकलो नव्हतो. लिहिलेला कोड एका खोलीत, चित्रं दुसऱ्या, गाणी तिसऱ्या, वर 'आधी हे वाचा', शेजारी कोणाची मालकी आणि काय मुभा त्याचा कागद, फॉन्ट बाहेर, नावांत मोकळ्या जागा नकोत, आणि हे गाठोडं इंटरनेट बंद असतानाही जसंच्या तसं बांधता आलं पाहिजे. त्यांच्या घराण्याची पॅकेज बांधायची कागदपत्रं तर त्यांनी माझ्या सोर्समध्ये ठेवूच दिली नाहीत. "ते आमचं काम. तुमच्या घरात आमचा पसारा कायले?" मी दर आठवड्याला नवं गाठोडं पाठवायचो आणि ते दर आठवड्याला परत करायचे. मी चिडायचो, फोन आपटायचो, आणि दोन तासांनी गुपचूप दुरुस्त करायला बसायचो, कारण झक मारून कबूल करावं लागायचं की त्यांचं म्हणणं खरं आहे.

अशात वेळ कमी उरला. या घराण्याची नवी आवृत्ती यायची असली की आधी कोठाराचं दार लावून घेतात. दार लागलं की नवं गाठोडं आत नाही. मग पुढच्या आवृत्तीपर्यंत, म्हणजे दोनेक वर्षं, हरि हरि. आणि तालुक्यातल्या शाळांनी तर ठरवून टाकलं होतं की जुन्या कम्प्युटरांवर हीच नवी आवृत्ती घालायची. ही बातमी माझ्या बायकोने कौतुकाने आईच्या कानावर घातली, आणि आईने कामठ्याच्या. आई बांधीवर, लग्नाघरी, दवाखान्याच्या रांगेत, भेटेल त्या बाईला सांगत सुटल्या की आता त्या प्रत्येक शाळेत गाणार आहेत. मला फोन करून विचारत, "माझा गाना कवा लागते?" मी म्हणायचो, थोरल्या जावयाला विचारा. त्या म्हणत, "दोन वर्स थांबा म्हनन तं मी काई थांबत नाई. दोन वर्स कोनं पायली?" ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. त्या वर्षी त्यांना चढावर दम लागायला लागला होता.

साडभाऊंना आईची परवानगी हवी होती. मी म्हटलं, घरचीच माणसं, कशाला? तर रविवारी मला घेऊन कामठ्याला हजर. अंगणात खुर्ची मांडून, फोन रेकॉर्डवर लावून, स्वतःच्या सासूला समजावायला बसले. "आई, हे गाने कोनीही आयकन, कोनीही दुसऱ्याले देईन, कोनी इकन बी. चालते का?"

"माझा गाना इकते?"

"इकू शकते."

"घेनारा भेटन का त्याले? भेटला तं इकू द्या."

"कोनी बदलन बी."

आता मात्र आईंनी पदर खोचला. "बदलन? लगनाच्या गान्यात सबद बदलन तं मी त्याच्या घरी जाईन." साडभाऊंनी समजूत घातली की बदललं तर बदललं म्हणून सांगावं लागेल, तुमच्या नावावर खपवता येणार नाही. आईंनी खोचलेला पदर सोडला. मग म्हणाल्या, "माझ्या मायनं मले हे गाने शिकवले तवा तिनं काई इचारलं नाई जी. घे म्हने, गाय म्हने. तुमी बी तसंच लिवा." साडभाऊंनी खरोखर तसंच लिहिलं. मालकीच्या कागदात कायदेशीर इंग्रजीखाली एक ओळ आहे, 'गाणारीचं म्हणणं: घ्या, गा.'

मला वाटलं, संपलं. कसचं संपतंय! दार लागायला पंधरवडा उरलेला असताना गाठोडं पुन्हा परत. साडभाऊ गाणी ऐकत होते. "गुरुजी, हे गाने साफ केलेले हायेत. मूळ कुठी हाय?"

"मूळ कशाला? त्यात खोकला आहे, कोंबडा आहे!"

"हा तांदूळ झाला जी. मले धान पायजे."

"अहो, लोक तांदूळच खातात!"

"खातेत ना. पर पेरत नाई. उद्या कोनाले वेगळ्या रीतीनं साफ करायचं असन, नवीन काई करायचं असन, तं तो तांदूळ पेरन का? आमच्या कोठारात तांदुळासंगं धान ठेवाच लागते. तांदूळ नको, धान दाखवा गुरुजी."

आणि धान माझ्याकडे नव्हतं. जागा भरते म्हणून मी गाणी साफ झाल्यावर मूळ रेकॉर्डिंगं कम्प्युटरवरून पुसून टाकली होती. शहाणा माणूस तूस टाकून तांदूळ ठेवतो, तसं! मी भांडलो, ओरडलो, त्यांना दगड म्हणालो. सख्ख्या सासूचं पॅकेज नाकारणारा जावई भूतलावर झाला नसेल, हेही ऐकवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. नियम सासूसाठी वाकवला तर उद्या सालीसाठी वाकवावा लागेल, एवढंच म्हणाले.

हे कामठ्याला पोचायचं ते पोचलंच. माझ्या बायकोने पोचवलं. "मोठा जवाई माझा गाना घेऊन नाई राहिला?" आई एवढंच बोलल्या, आणि त्यानंतर साडभाऊंशी बोलणंच टाकलं. पुढच्या रविवारी आम्ही दोघं गेलो तर साडभाऊंपुढे चहा आला, पण मुकाट्याने. जेवण आलं, तेही मुकाट्याने. साडभाऊ नेहमीप्रमाणे ताट घासून, जमीन पुसून बसले. 'जेवले का' म्हणून कोणी विचारलं नाही. परत येताना गाडीत ते मला म्हणाले, "गुरुजी, झापलं असतं तं बरं झालं असतं." त्यांचा चेहरा पाहून माझा राग कुठल्या कुठे पळाला.

ज्यावर ती गाणी रेकॉर्ड केली होती तो माझा जुना फोन घरात पडला होता, पडदा फुटलेला. गोंदियातल्या एका मोबाइलवाल्याने तो उलटापालटा करून सांगितलं, "सर, स्क्रीन गया है, माल अंदर है." त्यात गाणी निघाली. मूळ, कोंबड्यासकट! नव्हतं ते एकच, लेक सासरी निघते तेव्हाचं. आईंचं सगळ्यात आवडतं. आणि दार लागायला आता दोन-चारच दिवस होते.

आम्ही दोघं पुन्हा कामठ्याला गेलो. आई गायला तयार झाल्या, माझ्याकडे बघून. साडभाऊंकडे बघितलंही नाही. अंगणात त्या बसल्या, पालथ्या टोपल्यावर मी फोन ठेवला, समोर साडभाऊ. त्यांच्यापुढे ताईंनी चहाचा कप आणून ठेवला. गाणं सुरू झालं. आता हा माणूस चहा पिईल की नाही? नाही! भुरका मारला तर तो रेकॉर्डमध्ये येईल, म्हणून कपाला हात न लावता पुतळ्यासारखे बसलेले. आईंचं लक्ष गाण्यात कमी आणि कपात जास्त. दुसऱ्या कडव्यावर त्यांचा धीर सुटला. गाणं तिथेच टाकून म्हणाल्या, "जवाईबापू, चाय ठंडी होऊन राहिली ना जी!"

साडभाऊंनी फोनकडे बोट दाखवून हातानेच खूण केली, की चालू आहे, तुम्ही गा.

"हात कायले हालवून राहिले? तोंड नाई का तुमाले? बोलत नाई, चाय पेत नाई, माझा गाना घेत नाई! असा कसा जवाई देल्ला देवानं!"

साडभाऊ तोंड दाबून हात हलवत राहिले. ताईंना हसू आवरेना, मग मला, मग खुद्द आईंना. पोटभर हसून झाल्यावर डोळे पुसून त्यांनी ते गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. तसं त्यांनी ते पुन्हा कधी म्हटलं नाही.

मी घरी येऊन झापण्याचा भाग कापला. साफ गाणं एका खोलीत ठेवलं. दुसरी खोली केली, तिचं नाव 'मूळ'. साडभाऊंना फोन केला, "अहो, तुम्हाला झापलंय तेही ठेवायचं? जग ऐकेल." ते म्हणाले, "मूळ हाय ना? मंग ठेवा." गाठोडं आत गेलं आणि मग दार लागलं. आमच्या शाळेत नवी आवृत्ती बसली त्या दिवशी आईंना गाडीत घालून आणलं. मुलांनी पडद्यावरच्या रोवणाऱ्या बाईवर बाण लावला, गाणं सुरू झालं. आईंनी डोळे मिटून ऐकलं. मी शाबासकीची वाट पाहतोय. "आवाज माझाच हाय," त्या म्हणाल्या. "पर मी यवढी सीधी कवापासून झाली जी? माझं बोलनं कोनं खाल्लं?" मी हात जोडले, आणि मागे उभे असलेले साडभाऊ पहिल्यांदाच मोठ्याने हसले.

त्याच वर्षीच्या थंडीत आईंना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला. उजवी बाजू गेली, आणि वाचा गेली. ज्या घरात दुरून हाक ऐकू यायची तिथे आता भांडी लागल्याचा आवाज मोठा वाटायला लागला. बायकोने मोठ्या आशेने फोनवर माझी ती साफ, गुळगुळीत गाणी लावली. आईंनी मान भिंतीकडे वळवली. पुन्हा लावली, पुन्हा वळवली. बायको स्वयंपाकघरात जाऊन रडली, आणि मी फोन बंद केला.

रविवारी साडभाऊ आले, बायकोने त्यांच्यापुढे चहा ठेवला. खाटेशेजारी स्टूल ओढून लॅपटॉप उघडला, एक ओळ टाइप केली. कुठल्या मुलखातल्या कोठारातून 'बांधी' आपल्या साऱ्या खोल्यांसकट कामठ्याच्या त्या घरात उतरली. त्यांनी 'मूळ' उघडलं. कोंबडा आरवला, ट्रॅक्टर गेला, आई खोकल्या. खाटेवरच्या आईंनी मान वळवली. मग लेकीच्या पाठवणीचं गाणं लागलं, त्याचं दुसरं कडवं आलं आणि खोलीत तो आवाज घुमला, "जवाईबापू, चाय ठंडी होऊन राहिली ना जी!... हात कायले हालवून राहिले? तोंड नाई का तुमाले?"

"हाय जी, आई," साडभाऊ म्हणाले. "पेतो." आणि खरंच कप उचलून भुरका मारून प्यायले. आईंचा ओठ एका बाजूने हलला. हसणंच होतं ते.

त्यानंतर एक रविवार चुकलेला नाही. तोच कप, तेच झापणं, तेच "पेतो जी". मधे एकदा वीज नव्हती आणि लॅपटॉपही चार्ज नव्हता. साडभाऊ अवघडून बसून राहिले, समोर चहा निवत चाललेला. माझी बायको म्हणाली, राहू द्या जिजाजी, आज असंच प्या. तेवढ्यात आईंनी डावा हात हळूहळू वर केला आणि कपाकडे हलवला. एकदा हलवला, साडभाऊ बघतच राहिले, म्हणून चिडून पुन्हा हलवला.

"पेतो, आई," ते म्हणाले. पण त्यांच्याच्याने लगेच पिववेना. थोड्या वेळाने प्यायले, थंडच.

जागा होती तशी करून ठेवणारा हा माणूस हल्ली कामठ्याहून निघताना एक गोष्ट मात्र आवरत नाही. ताट घासतात, पाट भिंतीला लावतात, जमीन पुसतात, आणि चहाचा उष्टा कप आईंच्या खाटेसमोर, त्यांना दिसेल असा, तसाच ठेवून येतात.